इंच-दीड इंच

गोंदियात आता एमजीचा अष्टकोनी बिल्ला ओळखायला कुणाला वेळ लागत नाही. २०१९ साली हेक्टर बाजारात आली आणि वर्ष-दोन वर्षांत एमएच-३५ पाटीच्या हेक्टर आमच्याकडच्या लग्नांच्या मांडवाबाहेर उभ्या दिसायला लागल्या. ही कंपनी कुठली, असं विचारलं तर कुणी चीनची म्हणतं, कुणी इंग्लंडची. दोघंही बरोबर असतात. ब्रिटनमधली एमजी रोव्हर २००५ मध्ये बुडाली, तिचं नाव चिनी उद्योगाकडे गेलं, आणि भारतातली गाडी गुजरातमधल्या हालोलला तयार होते. पण त्या अष्टकोनाच्या मागे एक जुनी, बुटकी, दोन माणसांची, टप उघडा असलेली गाडी आहे आणि तिच्या बंपरची एक गोष्ट आहे. बंपर बदलला म्हणून स्प्रिंगा बदलल्या, स्प्रिंगा बदलल्या म्हणून गाडीचा स्वभाव बदलला, आणि गेली पन्नास वर्षं जगभरातली माणसं आपापल्या गॅरेजमध्ये पाठीवर झोपून तो बदल उलटा फिरवत आहेत. मला ही गोष्ट एका घरगुती कारणानं खणावी लागली. ते कारण पुढे येईलच.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्ड गावातला मॉरिसच्या गाड्या विकणारा आणि दुरुस्त करणारा हा धंदा. १९२०च्या दशकात सेसिल किंबर नावाचा माणूस तिथे व्यवस्थापक झाला. त्यानं काय केलं, तर साधी घरगुती मॉरिस ऑक्सफर्ड घेतली, तिच्या पाट्यांची कमान थोडी चपटी करून गाडी खाली बसवली, स्टिअरिंगचा दांडा कलता केला, वर हलकी, देखणी बॉडी चढवली आणि ती वेगळ्या नावानं विकली. म्हणजे एमजी ही कंपनी जन्मालाच आली ती गाडीत फेरफार करण्याच्या हौसेतून. ‘ओरिजिनल’ या शब्दावर पुढे जो वाद येणार आहे, त्यात ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मॉरिस ऑक्सफर्ड हे नाव आपल्यालाही परकं नाही. अँबेसिडर म्हणजे पुढच्या पिढीतली मॉरिस ऑक्सफर्डच, सिरीज थ्री. हिंदुस्तान मोटर्सनं बंगालात उत्तरपाड्याला ती १९५७-५८ पासून थेट २०१४ पर्यंत बनवली. तिच्यात वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं ‘बी सिरीज’ इंजिन. आणि १९५५ साली आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्येही तेच १४८९ सीसीचं इंजिन, फक्त जास्त ताकद काढण्यासाठी जुळवलेलं. गोंदिया १ मे १९९९ ला वेगळा जिल्हा झाला. त्याआधी भंडाऱ्याहून साहेबांची पांढरी अँबेसिडर धूळ उडवत यायची, तिच्या बॉनेटखाली स्पोर्ट्स कारचा सख्खा भाऊ गुरगुरत असायचा. हे तेव्हा ना साहेबांना ठाऊक असेल, ना धुरळ्यात उभ्या असलेल्यांना.

खुद्द एमजी मात्र आपल्याकडे फारशा आल्या नाहीत. पन्नाशीच्या दशकात परदेशी तयार गाड्यांच्या आयातीचे दरवाजे जवळजवळ बंद झाले. मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्ससुद्धा गाशा गुंडाळून गेली. राहिल्या अँबेसिडर, कुर्ल्याला बनणारी फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. त्यामुळे १९६२ साली एमजीए जाऊन तिच्या जागी एमजीबी आली, तेव्हा भारतीय माणसाला ती दिसली तर परदेशी मासिकात.

एमजीबी गाजली. १९६२ ते १९८० या अठरा वर्षांत तिच्या पाच लाखांहून जास्त गाड्या ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडल्या. सिड एनेव्हर हा तिचा मुख्य रचनाकार. वेगळी चासी नाही, सगळी बॉडीच ताकद धरून उभी. १७९८ सीसीचं इंजिन, पुन्हा बी सिरीजच. पुढे आणि मागे क्रोमचे सडपातळ बंपर, त्यावर दोन उभे ठोकळे. हा बंपर धक्का थोपवण्यापेक्षा मिशीसारखा जास्त होता. चेहरा पुरा करायचा, एवढंच त्याचं काम.

सस्पेन्शन मात्र साधं होतं, आणि ते नीट समजून घेतलं तर पुढचं सगळं समजतं. पुढच्या प्रत्येक चाकाला एक वेटोळी स्प्रिंग. शॉकअप आजच्यासारखा नळीचा नाही. तेल भरलेला लोखंडी डबा आणि त्यातून बाहेर आलेला हात. पुढच्या चाकांना हाच हात वरच्या आधाराचंही काम करतो, म्हणजे शॉकअप काढून नुसता फेकून देता येत नाही. मागे एकसंध धुरा आणि तिच्या दोन्ही टोकांना पाटे. हो, तेच पाटे, जे आपल्या ट्रकला असतात, टाटा सुमोला मागे होते, फियाटलाही मागे होते. साठ वर्षांपूर्वीच्या इंग्लिश स्पोर्ट्स कारचा मागचा भाग आणि तांदळाची पोती वाहणाऱ्या मेटाडोरचा मागचा भाग तत्त्वानं एकच. फरक उंचीचा आणि वजनाचा. एमजीबी जमिनीला चिकटून जायची, आणि तीच तिची मजा.

झाडीपट्टीतल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. शंकरपटातला छकडा आणि माल वाहणारी बंडी दोन्ही बैलांचीच, पण पटाचा छकडा बघितला की कळतं, काय काय कमी केलंय ते.

आता अमेरिकेकडे जाऊ, कारण एमजीबी बनायची इंग्लंडमध्ये, पण तिचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिकेत होतं. १९६५ साली राल्फ नेडर या तरुण वकिलाचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक आलं. त्याचं पहिलंच प्रकरण शेव्हरोले कॉर्व्हेअर गाडीवर, तिच्या मागच्या सस्पेन्शनवर. वळणावर ती गाडी कशी दगा देते, हे त्यात होतं. १९६६ मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला आणि पाठोपाठ नियमांची रांग लागली. सीटबेल्ट, मोडणारा स्टिअरिंगचा दांडा, मऊ डॅशबोर्ड. या नियमांनी माणसं वाचली, यात मला शंका नाही. जुन्या गाड्यांचे काही भक्त नेडरला शिव्या घालतात, ते मला पटत नाही.

पण बंपरचा नियम त्या जातीचा नव्हता. त्याचं नाव स्टँडर्ड २१५. १ सप्टेंबर १९७२ नंतर बनलेल्या गाडीनं समोरून ताशी ५ मैल, म्हणजे ८ किलोमीटर वेगानं भिंतीला धडक दिली, तर तिचे दिवे, बॉनेटची कडी, इंधनाची टाकी वगैरे शाबूत राहिली पाहिजेत. मागून ही अट आधी अडीच मैलांची होती. पुढच्या वर्षी मागचाही वेग ५ मैल झाला आणि बंपर जमिनीपासून किती उंचीवर धक्का झेलणार, तेही ठरलं: १६ ते २० इंच. कारण उघड आहे. एका गाडीचा बंपर दुसरीच्या बंपरला लागला पाहिजे, दिव्याला नाही. ताशी ५ मैल हा पार्किंगमधला वेग. तिथे माणूस मरत नाही, पत्रा मरतो. पत्र्याचा खर्च विमा कंपन्यांच्या अंगावर येत होता आणि त्यांनी आवाज उठवला होता. नियम वाईट नव्हता, पण तो हाडांपेक्षा बिलाचा विचार करणारा होता.

छोट्या गाड्यांना थोडी मुदत मिळाली. ती १९७४ मध्ये संपत आली. एमजीबीची मालक तेव्हा ब्रिटिश लेलँड, आणि तिच्याकडे नवी एमजी आखायला ना पैसा होता ना इच्छा. बारा वर्षं जुन्या गाडीलाच नियमात बसवायचं ठरलं. क्रोम गेलं. त्या जागी पोलादी सांगाडा आणि त्यावर पॉलियुरेथेनचं जाड काळं आवरण आलं. सगळे त्याला रबर बंपर म्हणतात, आपणही म्हणू. तो एनेव्हरच्या नाजूक तोंडावर इतका अवजड दिसला, की ज्यांनी जुनी गाडी पाहिली होती त्यांना तो मुखवटाच वाटला.

इथपर्यंत प्रश्न दिसण्याचा होता. खरी गडबड पुढे आहे. गाडीच मुळात बुटकी. बंपर आणि दिवे अमेरिकी नियमांच्या उंचीत आणायचे तर तोंडच नव्यानं आखायला हवं होतं. त्याला खर्च. मग कंपनीनं सोपा मार्ग घेतला: सगळी गाडीच वर उचलली. पुढच्या स्प्रिंगा ज्या आडव्या तुळईवर बसतात ती तुळई बदलली, मागच्या पाट्यांची जोडणी बदलली, आणि एमजीबी इंच-दीड इंच वर गेली.

पेन्सिलीच्या डबीची जाडी असते तेवढंच ते अंतर. पण गुरुत्वमध्य तेवढा वर गेला. दोन्ही टोकांना वजन वाढलं, आणि टोकाचं वजन वळताना सर्वांत जास्त नडतं. डोक्यावरच्या घागरीपेक्षा कावडीच्या दोन टोकांचं पाणी घेऊन गर्रकन वळणं अवघड, तसं. त्यात कंपनीनं अजून एक काम केलं, ज्याला मी सरळ कंजूषपणा म्हणेन. वळणावर गाडी कुशीवर झुकू नये म्हणून पुढच्या दोन चाकांना जोडणारी एक पोलादी सळी असते, अँटी-रोल बार. उघड्या टपाच्या एमजीबीतून ती सळी त्याच सुमारास काढून टाकली. गाडी उंच केली, टोकं जड केली आणि तोल सांभाळणारी काठी काढून घेतली. मग ती वळणावर डुलायला लागली. १९७६च्या उत्तरार्धात कंपनीनं चूक सुधारली, पुढे जाड बार परत आला आणि मागेही एक आला. मधल्या दोनेक वर्षांत बनलेल्या गाड्या मात्र तशाच विकल्या गेल्या.

हे सगळं अमेरिकेच्या कायद्यासाठी, पण कारखान्यात दोन प्रकारचे बंपर ठेवणं परवडत नाही म्हणून काळा बंपर आणि वाढीव उंची इंग्लंडच्या गिऱ्हाइकालाही मिळाली. त्याच्या देशात तसा कायदा नव्हता. एमजीची छोटी बहीण मिजेट, तिचंही तेच झालं.

आता पुढची तारीख बघा. १० सप्टेंबर १९७९ ला ॲबिंग्डनचा कारखाना बंद करणार असं जाहीर झालं. गावानं कारखान्याच्या पन्नाशीचा सोहळा केला, त्याच्या लगोलग. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी निघाली. आणि १९८२ मध्ये अमेरिकेनं बंपरचा नियम अर्ध्यावर आणला, ५ मैलांचे अडीच मैल. ज्या नियमासाठी गाडीचा चेहरा आणि चाल दोन्ही बदलली, तो ढिला झाला तेव्हा गाडी उरली नव्हती.

आता घरगुती कारण. माझा मावसभाऊ मूळचा आमगावचा. पंचवीस वर्षांपूर्वी न्यू जर्सीला गेला आणि तिथलाच झाला. मुलं कॉलेजला गेल्यावर त्यानं एक जुनी एमजीबी घेतली, १९७६ सालच्या पूर्वार्धातली. म्हणजे काळ्या बंपरची, उंच आणि बार नसलेली, तिन्ही दुखण्यांसकट. व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवत म्हणाला, “तू इतिहासवाला ना? मग सांग. क्रोम लावू का नको?”

मी म्हटलं, “दादा, तुझी गाडी, तुझे पैसे, मी काय सांगणार?”

“तसं नाही. इथे क्लबात दोन तट आहेत. एक म्हणतात लाव, खरी एमजी तीच. दुसरे म्हणतात, लावलंस तर ती खोटी गाडी. मला कळेना.”

प्रश्न बंपरचा वाटतो, पण आहे तो इतिहासाचा. म्हणून मी आधी काम काय असतं ते समजून घेतलं.

काळा बंपर काढून क्रोमचा लावणं म्हणजे चार नट उघडून चार नट आवळणं नाही. काळ्या बंपरनं गाडीच्या पत्र्याचा आकारच बदलला होता. तो काढला की पुढे खाली मोठी पोकळी दिसते. तिथे जुन्या धर्तीचा खालचा पत्रा लावावा लागतो, पुढच्या-मागच्या मडगार्डांचे कोपरे कापून नवे तुकडे वेल्डिंगनं जोडावे लागतात, बंपर धरणारे आधार वेगळे, इंडिकेटर वेगळे, जाळी वेगळी. मग सगळी गाडी रंगवायची, कारण जोडलेला कोपरा रंगात लपत नाही. हे सगळं सुटं मिळतं. १९८८ पासून तर इंग्लंडमध्ये जुन्याच साच्यांवर एमजीबीची अख्खी कोरी बॉडी बनते. पैसा टाकला की १९६२ची गाडी आजही ‘नवी’ मिळू शकते, हे मला थोडं भुताटकीसारखं वाटतं.

एवढं करून फक्त चेहरा बदलतो. गाडी अजून उंचच असते, आणि उंच गाडीला क्रोमची मिशी लावली तर ती फारच विचित्र दिसते. म्हणून बंपरच्या मागोमाग सस्पेन्शन येतंच. पुढे एक तर बुटक्या स्प्रिंगा घालायच्या किंवा पुढची तुळईच जुन्या गाडीची आणून बसवायची. तुळई बदलली तर स्टिअरिंगच्या दांड्याचा कोन नीट जुळतो का, ते तपासावं लागतं. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे आहे तीच स्प्रिंग कापणं, आणि तो सगळ्यात वाईट. स्प्रिंग कापली की ती आखूड तर होतेच, पण कडकही होते, कारण तेवढंच वजन झेलायला वेटोळी कमी उरतात. गाडी किती खाली बसेल याचा अंदाज चुकतो आणि प्रत्येक खड्डा पाठीच्या मणक्याला कळतो.

मागच्या पाट्यांसाठी मी न्यू जर्सीला विचारलं नाही. कोहमाऱ्याला गेलो.

कोहमारा म्हणजे सडक-अर्जुनी तालुक्यातला तो चौक, जिथे गोंदियाचा रस्ता मुंबई-कोलकाता महामार्गाला मिळतो. नागपूर-रायपूरचे ट्रक अखंड चालू. अशा रस्त्याच्या कडेला पाटे मारणारे मिस्त्री असतातच: भट्टी, ऐरण, घण, आणि बाहेर मोडक्या पाट्यांचा ढीग. लोखंडाला कमान कशी द्यायची हे त्यांच्या हाताला माहीत असतं. मी मोबाइलवर एमजीबीच्या मागच्या धुऱ्याचा फोटो दाखवला आणि विचारलं, हिला खाली बसवायचं तर काय करावं?

“एक पाटा काढून टाका ना. बसन खाली. पण मंग खड्ड्यात आपटन, अन् दोन मैन्यात दुसरा पाटा मोडन.”

मी म्हटलं, तिकडे धुरा आणि पाटा यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालतात, त्यानं गाडी खाली येते.

मिस्त्री हसले. “उलटं सांगता तुमी. ठोकळा घातला तं गाडी वर जाते. आमी रोज घालतो.”

दोघंही बरोबर होतो, आणि ते कळायला फोटो मोठा करून बघावा लागला. आपल्या ट्रकला धुरा खाली आणि पाटे तिच्या वर बसलेले. मध्ये ठोकळा घातला की पाटे वर सरकतात, त्यांच्यासोबत गाडी वर. एमजीबीत धुरा वर आणि पाटे तिच्या खाली. तिथे तोच ठोकळा पाट्यांना खाली ढकलतो, आणि गाडी खाली येते. वस्तू एकच, काम उलटं. “म्हंजे यू-बोल्ट लांब लागन,” एवढं मिस्त्री लगेच म्हणाले. खरंच लागतो. तिथल्या दुकानांत ठोकळ्यांसोबत लांब यू-बोल्टच विकतात. मग त्यांनी फोटो पुन्हा पाहिला आणि विचारलं, “पण अमेरिकेत खड्डे नाई म्हणता, तं ही गाडी वर केली कोनं?”

मी बंपरच्या कायद्याची गोष्ट सांगितली. त्यांना ती फारशी पटली नाही.

सस्पेन्शन ‘सुधारणं’ म्हणजे नेमकं काय, हे रस्त्यावर आणि मिस्त्रीवर अवलंबून असतं. याचं आपल्याच देशातलं उदाहरण मद्रासच्या स्टँडर्डचं आहे. इंग्लंडच्या ट्रायम्फ हेरल्डवरून बनलेली स्टँडर्ड हेरल्ड १९६१ पासून तिथे तयार व्हायची. तिची मागची दोन्ही चाकं स्वतंत्र हलायची. कागदावर ते पुढारलेलं होतं. (नेडरनं ज्या कॉर्व्हेअरला झोडपलं तिची मागची रचना याच कुळातली.) पण आपल्या रस्त्यांना आणि आपल्या गॅरेजांना ते मानवलं नाही. सत्तरीच्या सुरुवातीला तिची पुढची आवृत्ती आली, गझेल, तेव्हा कंपनीनं तो प्रकार काढून सरळ एकसंध धुरा आणि पाटे बसवले. अभियांत्रिकीच्या पुस्तकात ही पीछेहाट ठरेल. गाडी चालवणाऱ्याला ती सुधारणाच होती, कारण पाटा मोडला तर तो कोहमाऱ्यालाही दुरुस्त होतो.

न्यू जर्सीत कोहमारा नाही, पण पार्सल घरपोच येतं. तिथे दादापुढे पर्यायांची जत्रा होती. रबरी बुशांऐवजी कडक पॉलियुरेथेनचे बुश, जुन्या डबा-शॉकअपच्या जागी नळीचे शॉकअप, मागे कमी पाट्यांच्या पॅराबोलिक स्प्रिंगा, पुढे नव्या धर्तीचं पूर्ण सस्पेन्शन. माझं मत विचाराल तर यातलं निम्मं मासिकातल्या फोटोसाठी असतं. डबा-शॉकअप नीट दुरुस्त करून, ताजं तेल भरून घेतला तर साध्या रस्त्यावर तो आजही काम करतो.

राहिला मूळ प्रश्न. क्रोमवाल्यांचं म्हणणं हलकं नाही. ते म्हणतात, एनेव्हरनं काढलेली गाडी १९६२ची. काळा बंपर आणि वाढीव उंची तिच्यावर लादली गेली, ती पैसे वाचवायला आणि एका परक्या कायद्याला खूश करायला. लादलेलं काढून मूळ रूप परत आणणं म्हणजे खोटेपणा कसा? आपल्याकडे हेमाडपंती देवळांच्या दगडावर भक्तांनी ऑइलपेंट फासलेला असतो. तो खरवडून काढला तर आपण टाळ्या वाजवतो. तसंच हे.

तुलना चांगली आहे, पण एक जागा चुकते. ऑइलपेंटच्या खाली जुना दगड असतो. १९७६च्या एमजीबीच्या काळ्या बंपरखाली क्रोमची एमजीबी नसते. ती गाडी ॲबिंग्डनमध्ये जन्मली तीच या तोंडाची आणि या उंचीची. तिला क्रोम लावणं म्हणजे मूळ रूप परत आणणं नाही, १९७६ मध्ये कधीच नसलेली गाडी नव्यानं घडवणं आहे. घडवावी, किंबरनंही तेच केलं होतं. फक्त त्याला जीर्णोद्धार म्हणू नये.

आपल्या सरकारनं याच प्रश्नाला कायद्यात उत्तर देऊन टाकलंय. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या दुचाकी आणि चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’, म्हणजे महाराष्ट्रात एमएच व्हीए. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला ती चालत नाही. आणि अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. साध्या, रोजच्या गाड्यांवर तर आधीपासून मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. त्याच्याच आधारे डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं राज्यांना कळवलं की पुढे लावलेले लोखंडी गार्ड काढायला लावा. तेव्हा आमच्याकडच्या किती बोलेरोंनी ते काढले, हे तुम्ही रस्त्यावर बघून सांगू शकता. त्या गार्डांनी पादचाऱ्याला जास्त इजा होते आणि धडकेचा जोर थेट चासीत जातो, एअरबॅगचं गणितही बिघडू शकतं. अमेरिकेचा १९७४चा बंपर पत्र्याला वाचवत होता. आपल्याकडचा हौशी बंपर रुबाबाला वाचवतो.

पन्नास वर्षांचा हिशेब केला तर एक मजा होते. काळ्या बंपरच्या पहिल्या एमजीबीला २०२४ मध्ये पन्नास वर्षं झाली. ज्याला चाळीस वर्षं लोक विद्रूप म्हणून कापत आले, तो बंपर आपल्या नियमाच्या भाषेत आता ‘मूळ रूप’ आहे. आणि कापाकापी इतकी झाली आहे, की धड राहिलेल्या काळ्या बंपरच्या गाड्याच पुढे शोधाव्या लागतील असं मला वाटतं.

दादाला मी एवढंच सांगितलं: जे नट उघडून परत लावता येईल ते खुशाल बदल, जे कापावं लागेल त्याला हात लावू नकोस. बंपरमुळे बिघडला तो चेहरा, ती चवीची गोष्ट. उंचीमुळे बिघडली ती चाल, ती मात्र सुरक्षेची गोष्ट आहे. १९७६च्या सुधारणेत कंपनीनंच बार परत देऊन ते कबूल केलं होतं. त्या गाडीला तो बार बसवणं म्हणजे कारखान्याचं राहिलेलं काम पुरं करणं.

त्यानं पुढच्या स्प्रिंगा बुटक्या घातल्या. मागे ठोकळे आणि लांब यू-बोल्ट. जाड अँटी-रोल बार आला, त्यासाठी पुढच्या खालच्या आर्मचे काही भाग वेगळे घ्यावे लागले. शॉकअप तेच ठेवले, दुरुस्त करून. कोहमाऱ्याच्या मिस्त्रींना मी ठोकळे बसलेला फोटो दाखवला, तर त्यांनी आधी यू-बोल्टचे नट नीट बसलेत का ते पाहिलं आणि म्हणाले, “हजार किलोमीटर चालली की पुन्हा आवळायला सांगा.” दादानं ते केलं. गाडी आता वळणावर डुलत नाही म्हणतो. काळा बंपर जागेवर आहे. वहिनींना तो अजिबात आवडत नाही, त्या अजूनही क्रोमच्या कॅटलॉगची पानं त्याला पाठवत असतात.